चटणीच्या बरणीतली राणी

खर्ड्याच्या स्टँडवर पुण्याची एसटी लागली तेव्हा आईने माझ्या हातात दोन बरण्या दिल्या. एकीत शेंगदाण्याची चटणी. दुसरीच्या झाकणाला खिळ्याने भोकं पाडलेली आणि आत ओल्या फडक्याच्या बोळ्यावर एक काळी, लांबट मुंगी.

"मावशी, हिचं तिकीट?" कंडक्टरने विचारलं.

"अर्धं काढा. लहान हाय अजून," आई म्हणाली.

दहा वर्षांपूर्वी याच स्टँडवरून मी नगरला कॉलेजला गेले. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. तेव्हा दादा, म्हणजे माझे वडील, एवढंच म्हणाले होते, "सारखी घरला येऊ नगंस." त्या वाक्याचा मला कितीतरी दिवस राग होता.

आता मी पुण्यात एका कंपनीच्या लॅबमध्ये काम करते. इथे मुंग्या पाळणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. काचेच्या नळीत पाणी, कापसाचा बोळा, मग राणी, मग पुन्हा कापूस. वर काळं फडकं. राणी अंडी घालते आणि वारूळ सुरू होतं. गावाकडे आई दर शनिवारी मुंग्यांच्या भोकाशी चिमूटभर पीठ सोडते, तिला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "आमी त्यांच्या दारात जातो, तुमी त्यांना घरात कोंडता व्हय?"

माझी पहिली राणी मी दिवाळीत बांधावरून आणली. सगळ्यांत मोठ्या डोक्याची निवडली. घरात जी मोठी, तीच कर्ती, हा माझा हिशेब. दोन महिने अंड्याचा पत्ता नाही. शेवटी ग्रुपवर फोटो टाकला. उत्तर आलं, "ताई, ही राणी नाही, कामकरी आहे. डोकं नका बघू, पाठ बघा." राणीची पाठ फुगीर असते, उडण्याच्या स्नायूंमुळे. पंख गळले तरी ते जिथे जोडलेले होते तिथल्या खुणा जन्मभर राहतात. माझ्या मुंगीला ना फुगवटा, ना खुणा. चार दिवसांनी ती मेली. आपल्या वारुळापासून तोडून मी तिला नळीत एकटी ठेवली होती, हे मला फार लागलं.

या उन्हाळ्यात गावी होते. वळवाचा पाऊस पडून गेला आणि संध्याकाळी अंगणातल्या दिव्याभोवती पंखवाल्या मुंग्या जमल्या. मी त्या पकडायला धावत होते. आई भांडी घासत होती.

"त्या उडत्या सोड गं. त्या अजून पावन्या हायेत. पंख टाकून भिंतीच्या कडंनं भोक हुडकती, ती धर."

"तुला कसं माहीत?"

"मी खाली बघून काम करती. तू मोबाईलात बघती."

तेवढ्यात उंबऱ्याजवळ एकीने पायांनी दाबून आपले पंख स्वतःच पाडले. कुणी ओढले नाहीत. ती चार पावलं चालली आणि आईने तिच्यावर वाटी पालथी घातली. मी मोबाईलच्या उजेडात पाठ बघितली. फुगीर होती. खुणाही होत्या.

याच सुट्टीत एक काम मी पुन्हा टाळलं होतं. गावच्या रेशनकार्डावर माझं नाव अजून होतं. पुण्यात वेगळं कार्ड काढायचं तर जामखेडच्या तहसीलमधून नाव कमी केल्याचा दाखला हवा. तीन वर्षं मी सबबी सांगत होते. आमच्याकडे मुलीचं नाव कमी होतं ते लग्नानंतर. बिनलग्नाच्या मुलीनं ते काढणं म्हणजे घर सोडून दिल्यासारखं दिसेल, अशी भीती. आणि खरं सांगायचं तर त्या एका ओळीच्या आधारावरच मी स्वतःला अजून त्या घरातली समजत होते.

पुण्यात राणीने आठवड्यात अंडी घातली. मी रोज फडकं बाजूला करून बघायचे. आई फोनवर ओरडली, "सारखं उघडून बघू नगंस. बसू दे तिला." मला दादांचं वाक्य आठवलं. मी फडकं परत गुंडाळलं.

पहिली पिल्लं मोठी होईपर्यंत ही राणी काही खात नाही. पंखांचे स्नायू आतल्या आत विरघळतात आणि त्यावरच ती त्यांना वाढवते. हे मी आईला फोनवर सांगितलं. "म्हंजी पंख टाकलं तरी वाया जात न्हाई तर," ती म्हणाली. मग म्हणाली, "ते नावाचं काम करून टाक आता. दादा बी तेच म्हनत्यात."

पावसाळ्यात नळीत पाच बारक्या मुंग्या फिरू लागल्या आणि मी रजा काढली. तहसीलमध्ये आई सोबत होती. कारकुनाने मान वर न करता विचारलं, "लग्न कधी झालं?"

आई पुढे झाली. "लग्न न्हाई झालं. घर मांडलंय तिनं."

तेव्हा त्याने मान वर केली.

गाव सोडून गेलेल्यांनो, आणि मागे राहिलेल्यांनो, घर म्हणजे काय हे मला अजून नीट सांगता येत नाही. माझ्या नव्या कार्डावर माझं एकटीचंच नाव आहे. जुन्या कार्डावर माझ्या नावावरून लाल रेघ मारलीय, पण रेघेखालचं नाव स्पष्ट वाचता येतं. राणीसुद्धा अशाच खुणेवरून ओळखतात.