न गायलेल्या पदाला वन्समोर

या सदरात येणारे निम्मे अनुभव मी खोटे समजून वाचते आणि उरलेले निम्मे अपचनाचे. राग मानू नका, स्वभावच तसा आहे. रोह्याच्या शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवलं. वर्गात कुणी भुताचं नाव काढलं की त्याला पुढे बोलावून विचारायची, "वजन किती असतं रे त्याचं?" आजही कुणी विचारलं तर असं काही नसतं हेच सांगेन. फक्त एक संध्याकाळ आहे, जी माझ्या कुठल्याच खणात बसत नाही. ती लिहून टाकते. नंतर तुम्ही मलाही अपचनात टाका, चालेल.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. माझं माहेर पेण तालुक्यात. डोलवीच्या पुढे, धरमतरचा पूल यायच्या आधी मोठा रस्ता सोडून खाडीकडे गेलं की आमचं गाव. एका अंगाला भातशेती, दुसऱ्या अंगाला मिठागरं. मी तेव्हा बी.एस्सी. करून पेणला नुकतीच शाळेत लागले होते, लग्न होऊन रोह्याला जायचं अजून बाकी होतं.

पौषात भात झोडून झालं की गावचं खळं मोकळं व्हायचं आणि तिथे आमच्या मंडळाचं नाटक. दरवर्षी एकच, जुनं संगीत नाटक, विनोदी. गावाला ते इतकं पाठ होतं की नट चुकला की समोरून दहा जण दुरुस्त करायचे. गोष्ट एका कंजूष मामाची आणि त्याच्या भाचीची. मामा भाचीचं लग्न खर्च नको म्हणून लांबवतोय आणि भाचीने आपला नवरा आधीच ठरवलाय. पहिल्या अंकात तो घरात येतो, तेवढ्यात मामा येतो, म्हणून भाची त्याला भात साठवायच्या रिकाम्या कणगीखाली लपवते. कणगीतल्या धुळीने त्याला शिंका यायला लागतात... आणि त्या शिंका मामाला ऐकू येऊ नयेत म्हणून भाची मोठ्याने पद म्हणायला लागते. नाटकाचा सगळा जीव त्या पदात.

हे पद आमच्या घरात मी जन्मल्यापासून होतं, कारण ते आईचं होतं. म्हणजे खरं तर आजोबांचं. आईचे वडील तिच्या माहेरच्या गावात हेच नाटक करायचे आणि भाचीचं काम तेच करायचे, लुगडं नेसून. आई लहानपणी विंगेत बसून सगळं शिकली. आजोबांपेक्षा बरी म्हणायची असं तिथले लोक सांगत, पण बाईमाणसाने स्टेजवर जायचं नाही म्हणजे नाही. मग ती भात सडताना म्हणायची, भाकऱ्या थापताना म्हणायची. अंतऱ्याच्या शेवटी एक हरकत घ्यायची, आवाज सरळ वर न्यायची आणि वरच्या वर हळूच सोडून द्यायची. मला ती कधी जमली नाही.

आमच्या मंडळात भाचीच्या कामाला पनवेलहून पैसे देऊन नटी आणायचे. त्या वर्षी आईनेच बाबांकडे विषय काढला, रंजूला, म्हणजे मला, उभी करा. गावातली पोरगी स्टेजवर जाणार म्हणून थोडी कुजबुज झाली, पण बाबा तिला नाही म्हणू शकले नाहीत. त्याला कारण होतं. आधीच्या वर्षी आईच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यात तिचा आवाज पूर्ण गेला होता. ती नुसते ओठ हलवून बोलायची, आम्हाला ते वाचायची सवय झाली होती. आता नाटकानंतर लगेच तिला दुसऱ्या ऑपरेशनसाठी मुंबईला न्यायचं होतं. डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, काही सांगता येत नाही. मुंबईला जायच्या आधी आईला ते पद स्टेजवरून, आपल्या घरातल्या माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं. एवढंच मागितलं होतं तिने.

आणि नाटकाच्या दिवशी सकाळी मी उठले तर माझा घसा बंद!

बसला म्हणजे असा बसला की फुस्स... याच्यापलीकडे काही निघेना. आठवडाभर उघड्यावर, खाडीच्या दवात तालमी केल्या होत्या, दुसरं काय होणार. ज्येष्ठमध झालं, हळद-गूळ झाला, मिठाच्या गुळण्या झाल्या. मिठाला आमच्याकडे काय तोटा! पेणच्या डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाले, चार दिवस तोंड उघडायचं नाही.

मी रडत तालमीच्या जागी गेले. वसंतदादा आमचा दिग्दर्शक, आणि मामाचं कामही तोच करायचा. खराखुरा मामा शोभेल इतका चिकट माणूस. तो म्हणाला, "रडू नको गो. बोलायचं ते हळू बोल. मीच म्हनतो, थंडीनं पोरीचा घसा बसला, बरा झाला, आवाजाचा खर्च वाचला. लोकं हसतील. पद तेवढा कापू."

मी मानेनेच नाही म्हटलं. पद कापलं तर आई काय ऐकणार?

तोडगा काढला अब्राहमकाकांनी. काका कोकणातले ज्यू, आमचे ऑर्गनवाले; ऑर्गनला आम्ही पेटीच म्हणायचो. त्यांचे भाऊ, बहिणी, झाडून सगळे इस्रायलला गेले होते. हे एकटे मागे राहिले. मला तिथे नाटक कोण दाखवील, असं म्हणायचे. शनिवारी ते पेटीला हात लावत नसत, म्हणून आमचं नाटक कायम रविवारी. काका म्हणाले, "रंजू, तू नुसते ओठ हलव. पद मी पेटीवर वाजवतो, शब्द काय सगळ्यांना पाठच हायत. तुझ्या आईला मी सांगतो समजावून."

ते सांगायला गेलेही. पण आई बाबांबरोबर पेणला औषधं आणायला गेली होती आणि दोघं परस्पर खळ्यावर आली. माझा घसा बसलाय एवढं तिला ठाऊक होतं, नुसते ओठ हलवायचं ठरलंय हे माहीतच नव्हतं.

डोलवीच्या कंपनीत गावातली बरीच पोरं कामाला होती. त्यांना रात्रपाळीला जाता यावं म्हणून आमचं नाटक दिवेलागणीलाच उभं राहायचं. रिकाम्या पिंपांवर फळ्या, लुगड्यांच्या विंगा, वरून दोरीला टांगलेला माईक. स्टेजची पाठ खाडीकडे, मागे भिंत नाही, काही नाही. समोर खळ्यावर गोणपाट टाकून सगळा गाव बसलेला. पडदा उघडला तेव्हा आभाळात थोडा उजेड होता आणि खाडीवरून धुकं शेतात उतरत होतं. हॅलोजनच्या प्रकाशात ते धुकं माणसांच्या डोक्यांवरून हळूहळू सरकत होतं. मिठाचे ढीग लांबून पांढरे दिसत होते. मला सगळं खरं वाटेनासं झालं होतं... ताप होता का अंगात? असेलही. लिहून ठेवा, माझ्या विरोधात एक मुद्दा.

वसंतदादाच्या आवाजाच्या खर्चाला हशा मिळाला. प्रकाश, म्हणजे आमचा नायक, कणगीखाली गेला. शिंकला. काकांनी सूर धरला, तबला सुरू झाला, आणि मी ओठ हलवायला लागले.

आता मी काय ऐकलं ते नीट सांगते. ऑर्गनचे सूर. काकांच्या पायाखालच्या भात्याचा आवाज. तबला. माझा स्वतःचा श्वास. बाकी काही नाही. माझ्या घशातून आवाज निघत नव्हता, हे मला जितकं ठाऊक आहे तितकं दुसरं कुणाला ठाऊक असणार?

पण समोर बघते तर माणसं हलेनाशी झालेली. शेंगा सोलणारे हात थांबले. मांडीवरची पोरं माझ्याकडे टक लावून बघतायत. आई पहिल्या रांगेत, डोळे मिटून. मला वाटलं, कीव करतायत माझी. अंतरा आला, जिथे ती हरकत यायची तिथे मी ओठ नुसते उघडे ठेवले आणि खाली बघितलं. त्या क्षणी भीती वगैरे काही वाटली नाही. उलट फार निवांत वाटलं, आईने लहानपणी डोक्यावर कोमट पाणी ओतावं तसं. का, ते विचारू नका.

पद संपलं. आणि एकदम गलका.

"वन्समोर! वन्समोर!"

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. माझी थट्टा चालवलीय, दुसरं काय! प्रकाशलाही तेच वाटलं. तो आधीच तापट. कणगी डोक्यावर घेऊनच उभा राहिला आणि आतून ओरडला, "गप ऱ्हावा रे! पोरीचा घसा बसलाय, दिसत नाय काय?"

लोक हसून लोळले. त्यांना वाटलं, नाटकातलाच विनोद. मागून कुणीतरी ओरडलं, "मंग आता गायली कोन? तू?"

प्रकाश कणगीसकट खाली बसला. मी काकांकडे बघितलं. काका माझ्याकडे बघत होते, चेहऱ्याचा रंग उडाला होता. पण वन्समोर आला की द्यायचाच, ही आमच्याकडची रीत. त्यांनी पुन्हा सूर धरला. मी पुन्हा ओठ हलवले, आणि पुन्हा समोर सगळे तसेच स्तब्ध झाले.

पडदा पडल्यावर मागे नुसता गोंधळ. काकांनी फक्त पेटी ऐकली होती. तबलेवाल्यानेही. विंगेतून वसंतदादाने, कणगीतून प्रकाशने, सगळ्यांनी तेच. स्टेजवरच्या एकालाही गाणं ऐकू आलं नव्हतं, आणि खळ्यावरच्या सगळ्यांना आलं होतं. वसंतदादाने माईकवाल्याची गचांडी धरली, कॅसेट लावलीस काय म्हणून. तो बिचारा देवाची शपथ घेत सुटला. शेजारच्या मंदाकाकू तर माझ्यावरच चिडल्या. "घसा बसला म्हनून कशापायी नखरा केलास गो? आनि ती वरची हरकत कवा शिकलीस? अंगावर काटा आला माज्या!"

ती हरकत मला आजतागायत येत नाही.

बाबा या गलक्यात नव्हते. खळ्याच्या कडेला उपरण्याने तोंड पुसत उभे होते. मी जवळ गेले तर एवढंच म्हणाले, "तुजा आवाज नव्हता तो." पुढे कधीही या विषयावर बोलायला तयार झाले नाहीत.

मी स्वतःला अनेक कारणं देऊन बघितली. लोकांना पद पाठ होतं, पेटीच्या सुरांवर त्यांनी मनानेच शब्द बसवले असतील. वर्गात मी हेच सांगितलं असतं. पण मग प्रत्येकाच्या मनाने एकच आवाज कसा बसवला? आणि तीच हरकत, तिथेच? माझ्या एका डॉक्टर मैत्रिणीला विचारलं, ती म्हणाली ताप असेल. ताप मला होता, गावाला नव्हता. उत्तर मिळालेलं नाही, आणि आता या वयात मिळेल असं वाटत नाही.

आई मुंबईला गेली आणि परतही आली. आवाज नाही आला, पण पुढे बरीच वर्षं आमच्यात होती. आता नाही. म्हणून मी आजवर कुणालाच न सांगितलेलं सांगते.

नाटकाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आई पडवीत तांदूळ निवडत बसली होती. मी जाऊन समोर बसले. तिला आवाज नाही, मलाही नाही. दोघी नुसत्या ओठांनी बोलत होतो. बघणाऱ्याला वाटलं असतं, दोघी गप्पच बसल्या आहेत.

मी विचारलं, "आये, तुला ऐकू आलं पद?"

तिने मान हलवली. नाही.

खळ्यावर बसलेल्या सगळ्या गावात ती एकटी, जिला काही ऐकू आलं नव्हतं! जिच्यासाठी सगळा खटाटोप, तिलाच नाही?

आई तांदूळ निवडता निवडता सांगत होती, काही विशेष नसल्यासारखं. "तू नुसतीच उभी व्हतीस. मला कससाच झाला. म्हटलं, पोर अडली. मंग डोले मिटलं आनि मीच म्हटला. मनातल्या मनात. तुज्यासाठी."

"मग?"

"मंग लोकांनी वन्समोर दिला." तिने माझ्याकडे बघायचं टाळून सूप उगाचच एकदा पाखडलं. गालावर लाली चढली होती. आईला मी कधी लाजताना बघितलं नव्हतं. "मंग परत म्हटला."

तिने हळूच वर बघितलं आणि ओठ हलवले.

"दुसऱ्या टायमाला जास्त चांगला झाला ना गो?"

मी स्टेजवर होते. सगळ्या गावाने ऐकलं ते मला एकटीला... नाही, स्टेजवरच्या आम्हा कुणालाच ऐकू आलं नव्हतं. आईने आयुष्यात एकदाच लोकांसमोर पद म्हटलं, दोनदा म्हटलं, आणि मी तिच्यापासून चार हातांवर उभी राहून त्यातला एक सूरही ऐकला नाही.

"हो," मी म्हटलं. "दुसऱ्यांदा फारच चांगलं झालं."