खिशातलं पिस्तूल

पेणला बंदुकांच्या दुकानात मी कारकून होतो. एकदा रोह्याकडचा एक हसरा शेतकरी खिशातलं स्वस्तातलं पिस्तूल विकायला आला. परवाना प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेला. मालकांनी पिस्तूल उघडलं, तर काउंटरवर हळदकुंकू सांडलं. दर खंडेनवमीला हा गडी त्याची मनोभावे पूजा करायचा!

मालक वैतागले, "हे उडणार कसं? घेणार कोण?"

"वीस वरसं खिशात हाय, शेठ. एकदा पण उडवायची येळ नाय आली. याच्याहून भरवशाचं काय असतं?"

"मग विकता कशाला?"

तो थबकला. "व्हय की!" म्हणाला, सांडलेलं कुंकू बोटानं टिपून कपाळाला लावलं आणि पिस्तूल खिशात घालून निघाला.

अजूनही कुठल्या दुकानात कुणी "भरवशाचं दाखवा" म्हणालं, की मला ते लाल कपाळ आठवतं.