मिटलेले शिंपले

दवाखान्याच्या जिन्यावरून सून खाली आली आणि तिच्या चालण्यावरूनच मला कळलं. गिरिजा गेली. महिना उलटला, तरी तो जिना डोळ्यांपुढून हलत नाही...

गिरिजा, माझी बायको, उदगीरच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायची आणि भलती भित्री होती. पाल दिसली की शेजारच्या बाईंना धाडून मला शाळेतून बोलावून घ्यायची. लातूर जिल्हा तेव्हा नुकताच झाला होता. तिकडे कचेऱ्यांवर नव्या पाट्या चढत होत्या आणि इकडे तिच्या माहेरच्या खेड्यात प्यायला पाणी नव्हतं. तिचा थोरला भाऊ, आमचे अण्णा, शेतात विहीर खोदत होते. काळा पत्थर फोडल्यावर हिरवट मातीचा थर लागला, त्यात शिंपलेच शिंपले! गावात बोभाटा झाला, अण्णांच्या विहिरीत समुद्र निघाला, आता खारं पाणी लागणार. मजूर उतरेनात. अण्णांनी बहिणीला बोलावलं.

शिडीवर पाय ठेवण्याआधी तिने माझं मनगट असं आवळलं की वळ उठला. खाली अण्णा आणि त्यांचा एक गडी होता. काठावर मला तिचं बोलणं ऐकू येत होतं. "समुद्र न्हाई अण्णा, गोड्या पाण्याचं तळं होतं हितं. हे शिंपले तळ्यातलेच." गडी मोठ्यानं हसला. मलाही हायसं वाटलं. मग ती खाली वाकून शिंपले चाळू लागली.

"अण्णा, हे समदे मिटलेले हायत."

"मग?"

"आतला जीव मेला की शिंपला आपोआप उघडतो. हे उघडलेच न्हाईत. चिखल एकाएकी अंगावर आला, जित्तेच गाडले गेले. ही तीच माती हाय, आन् पाझरानं पुन्हा भिजून राहिली. वर चला."

"आगं, पाणी लागून राहिलंय! आता सोडून जाऊ?"

"वर चला म्हणते ना!"

तो आवाज तिचा वाटेना. गडी वर आला. मग अण्णांनी तिला पुढं घातलं. वर येताच ती काठावर पालथी पडली आणि खाली हात सोडून नुसतं "अण्णा... अण्णा..." करू लागली. अण्णा काठाशी आले तसं मी त्यांना दंड धरून वर ओढलं, तोच हिरवा थर साबणासारखा सरकला. वरचा पत्थर त्याच्यावर बसला, शिडी गेली, विहीर बुजली.

पुढं गावातल्या बाया म्हणाल्या, मास्तरणीनं हाताशी आलेलं पाणी घालवलं. अण्णांनी सुनावलं, "पाणी दुसरीकडं लागंल. मी कुठं लागलो असतो?" त्या उन्हाळ्यात त्यांच्या घरच्या बायकांनी लांबून पाणी वाहिलं. सुट्टीभर गिरिजाही त्यांच्याबरोबर घागर घेऊन जायची, खाली मान घालून.

त्यानंतर तिने कधी आतून कडी लावली नाही. न्हाणीघराचं दारसुद्धा नुसतं लोटायची आणि कुणी आत येऊ नये म्हणून अंघोळ होईपर्यंत गुणगुणत राहायची. पाहुणे असले की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. परवा मी अंघोळीला गेलो, दार लोटलं. कडीकडे गेलेला हात तसाच मागे आला. अंगावर तांब्या ओतला आणि रिकाम्या घरात कुणीतरी गुणगुणताना ऐकू आलं... तो माझाच आवाज होता. मी थांबलो नाही.