किटोचा सिग्नल आणि माझं व्याख्यान

इक्वेडोरची राजधानी किटो. तिथल्या जुन्या शहरातल्या एका सिग्नलबद्दल मी अर्धा तास बोलू शकतो.

बोलायचं होतं खरं तर तिथल्या जुन्या इमारतींबद्दल. जर्मनीत, न्युरेम्बर्गच्या आमच्या मराठी मंडळात कुठेतरी लांब फिरून आलेल्या माणसाला माइक मिळतो (आणि श्रोत्यांना त्याबद्दल वडापाव). सात वर्षं मी तिथे फक्त खुर्च्या मांडत आणि आवरत आलो होतो. म्हणून किटोची तिकिटं काढल्याबरोबर, विमानात बसायच्याही आधी, मी मंडळाला कळवून टाकलं: 'किटोचं वास्तुवैभव: एक पायी फेरी. वक्ते: मंदार.' बाजारात तुरी म्हणतात ते हेच!

बरोबर बायको सायली, आठ वर्षांची रेवा आणि पुण्याहून आमच्याकडे राहायला आलेले सासरे. बाबा पीडब्ल्यूडीतून निवृत्त झालेत. कुठलीही भिंत दिसली की आधी बोटानं टकटक करून बघतात.

किटोच्या जुन्या शहरासाठी शेवटची एकच सकाळ ठेवली होती. आम्ही गाइडच्या मागे निघालो. पंधरा जणांचा घोळका. पहिल्याच चौकात पादचाऱ्यांचा दिवा लाल. पण मधोमध पोलीस उभा होता आणि शिट्टी वाजवून सगळ्यांना 'या, या' करत होता. घोळका गेला. आम्ही थांबलो.

"मंदार, अरे तो पोलीस बोलावतोय!" सायली म्हणाली.

"दिवा लाल आहे."

"पोलीस मोठा की दिवा मोठा?"

"मुलांसमोर लाल दिव्यात रस्ता ओलांडायचा नसतो. आपल्याकडे बघून शिकतात ती."

"गेनाऊ! अगदी बरोबर!" रेवा म्हणाली. (तिला हे शाळेत येऊन पोलिसांनीच शिकवलंय. तिच्यापुढे कायदा मोडायची माझी छाती नाही.)

बाबा मात्र पुण्याचे. चाळीस वर्षं लक्ष्मी रोड ओलांडलेल्या माणसाला दिवा ही सजावट वाटते. तोवर गाड्या सुटल्या होत्या. बाबांनी फक्त एक हात पुढे केला, चार मोटारी थांबवल्या आणि पलीकडे दिसेनासे झाले.

पोलीस आमच्याकडे बघून शिट्ट्या वाजवून दमला. शेवटी तो निघून गेला, दिवा हिरवा झाला आणि आम्ही दिमाखात रस्ता ओलांडला. घोळका केव्हाच कुठल्यातरी गल्लीत शिरला होता!

"बाबांना फोन लाव," मी म्हणालो.

"त्यांच्या फोनमध्ये इथलं सिम कुठाय? चल, शोधू या."

"नाइन! नाही जायचं!" रेवानं माझा हात घट्ट धरला. चुकामूक झाली की जिथे आहोत तिथेच थांबायचं, हाही शाळेचाच नियम. मी तोही पाळला. दोन तास! सिग्नलचे एकोणतीस फोटो काढले. अर्ध्या तासानंतर सायलीनं माझ्याशी बोलणं सोडलं. बाबा परतले तेव्हा हातात आइस्क्रीम होतं आणि तोंडात सोन्यानं मढवलेल्या चर्चचं वर्णन.

मंडळाला खरं सांगून टाकावं, असं मला एकदा वाटलं. पण माइक! सात वर्षांनी मिळणारा माइक! न्युरेम्बर्गला परतल्यावर मी इंटरनेटवरून फोटो उतरवले आणि मंडळाच्या हॉलमध्ये उभा राहिलो.

"या कोरीव लाकडी सज्ज्यासमोर मी थक्क होऊन उभा होतो," पाचव्या फोटोवर मी म्हणालो.

पहिल्या रांगेतून बाबा उठले. "जावईबापू, असे सज्जे लिमाला. पेरूत. मला गाइडनंच सांगितलंय."

"आल्झो... म्हणजे, बाबा, त्याचं असं आहे..."

"पापा वार गार निश्ट दा!" रेवा ओरडली. पापा तिथे नव्हतेच मुळी! आणि जर्मन तर अख्ख्या हॉलला येत होतं. चाळीसच्या चाळीस माणसं खो खो हसली.

माइक बाबांकडे गेला. त्यांनी तासभर किटो रंगवलं, भिंतींवरच्या टकटकीसकट. टाळ्या थांबेनात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी निमूटपणे खुर्च्या आवरल्या.

बाहेर आलो तर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं आणि दिवा लाल होता. मला हसलेली ती चाळीस माणसं शहाण्यासारखी ओळीनं उभी होती. मी आणि रेवा सगळ्यात पुढे जाऊन थांबलो. बाबा केव्हाच पलीकडे पोचले होते. तिथून ते ओरडले,

"जावईबापू, सात वर्षांत इथलं तरी काही बघितलंत का?"

दिवा हिरवा झाला की सांगतो, अशी मी खूण केली.