पायाळू गोजराचं सर्टिफिकेट

गोजरा पायाळू जन्मली. म्हणजे आईच्या पोटातून आधी पाय बाहेर आले, आणि तिथंच तिच्या कपाळी जन्माची फुकट नोकरी लागली. कुणाच्या पाठीत उसण भरली की तो माणूस तिच्या दारात पालथा पडणार आणि ही त्याच्या पाठीला तीनदा पाय लावणार. पायाळूनं त्याचे पैसे घ्यायचे नसतात. लग्न होऊन ती साताऱ्याकडून कोपरखैरण्याला आली, तर लोकांनी तिला इथंही हुडकून काढलंच.

दिवसभर ती तुर्भ्याच्या कंपनीत उभ्यानं गोळ्यांची पाकिटं भरायची. घरी आलं की दारात पाठी. चाळिशीत तिला या पाठींचा वीट आला. आपण उलट्या जन्मलो म्हणून नव्हे, आपल्याला काही येतं म्हणून लोकांनी यावं, एवढंच तिला हवं होतं. म्हणून सत्त्याण्णव साली तिनं वाशीतल्या एका संस्थेत अ‍ॅक्युप्रेशरचा वर्षाचा कोर्स धरला. दर रविवारी वर्ग. नवरा हौसेराव म्हणाला, देवानं आयतं दिलंय ते सोडून ही बाई शाळेत निघाली.

परीक्षेच्या दिवशी आठवडाभराचा ओव्हरटाइम अंगावर होता. सतरंजीवर पाठ धरलेली एक बाई पालथी निजवलेली. मॅडम म्हणाल्या, करा सुरू. आणि गोजराचा उजवा पाय आपोआप उठून त्या बाईच्या पाठीला लागला. वर्ग खो खो हसला. मॅडमनी कागदावर काट मारली, सहा महिन्यांनी या म्हणाल्या. त्या दिवशी गोजराला स्वतःच्या पायांचा मनापासून संताप आला.

सहा महिन्यांनी ती पाय मुडपून बसली आणि पास झाली. सर्टिफिकेट फ्रेम करून दारासमोरच्या भिंतीवर टांगलं. दुसऱ्याच दिवशी शेजारची शकुबाई आली आणि भिंतीकडे ढुंकूनही न बघता उंबऱ्याशी पालथी पडली.

"पाय लाव गं."

गोजरानं पाय लावला नाही. खाली बसून अर्धा तास अंगठ्यानं एकेक बिंदू दाबला. अंगठा बधिर झाला, पण उसण सुटली. शकुबाई उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "पायाळूच्या हातालासुद्धा गुण असतो बघ."

आता हिच्यापुढं काय डोकं फोडायचं? गोजरा तिथंच बसून राहिली, आणि उठायला गेली तर तिचीच पाठ धरली. पायाळूला स्वतःच्या पाठीला पाय लावता येत नाही. तेवढ्यात हौसेराव ड्यूटीवरून आला. आता हा दुसरा पायाळू शोधायला निघणार, म्हणून तिनं डोळे मिटून घेतले. फार थकली होती ती.

हौसेरावनं तिच्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. मग हात धुतले आणि फळीवरची तिची कोर्सची वही काढली.

"कुठं दाबायचं ते यात दाखव," तो म्हणाला. "न्हाईतर चुकंल माझ्या हातनं."

गोजरानं पान काढून दिलं. पाठीचा बिंदू गुडघ्यामागच्या खळगीत होता. तिथं त्याचा अंगठा टेकला तशी ती रडायला लागली. तो घाबरून थांबला.

"दुखलं का?"

"नाही," ती म्हणाली. "जरा खाली. हां, तिथंच."