तेरवीच्या दिवशी दोन जपानी गाड्या

माझे सासरे वारले तेव्हा मला मनापासून वाईट वाटलं, आणि तेरवीला माझे दोन्ही साडू आले तेव्हा त्याहून वाईट वाटलं.

मोठे साडू विलासराव पुण्याचे, धाकटे प्रशांतराव नागपूरचे. मधला मी, सासरवाडीजवळच्याच मोताळ्यात जनरल स्टोअर चालवणारा. दोघंही आपापली स्पोर्ट्‌स कार घेऊन आले होते. विलासरावांची पांढरी, प्रशांतरावांची लाल. दोन्ही जपानी, दोन्ही सेकंडहँड, दोन्हींत दोनच सीटा. (दोघांच्या बायका एसटीने आल्या. गाडीत बॅगा ठेवल्यावर जागा उरली नव्हती!)

आभाळ सकाळपासून दाटलेलं. मांडवात सासऱ्यांचा हार घातलेला फोटो. सासूबाई भिंतीला टेकून नुसत्या बसून होत्या. कोणी बोललं तरी वर बघत नव्हत्या. सासरे मला जीव लावणारा माणूस. मला टोचून बोलायचा मोह त्यांना आवरायचा नाही, पण बोलून झाल्यावर ताटात भाकर तेच वाढायचे. मी सासूबाईंजवळ बसलो. डोळे भरून आले. तेवढ्यात मागून आवाज आला,

"शून्यावरून शंभरला माझी तुमच्या आधी पोचते, विलासराव."

"कागदावर! तुमचा टर्बो जागा होईस्तोवर माझं इंजिन पुढच्या गावात असतं."

माझे डोळे आपोआप कोरडे झाले.

इतक्यात माझी बायको सुनंदा धावत आली. "अवो, गुरुजीची मोटरसायकल पंक्चर झाली म्हने. जा ना, मोताळ्याहून घेऊन या. गंगापूजन झाल्याबिगर पंगत कशी बसन?"

मी स्कूटर काढायला निघालो. "स्कूटर? आज?" दोन्ही साडू एकदमच ओरडले. गुरुजींचं घर आमच्या तिघांत फक्त मला माहीत, आणि माझ्यासोबत एका गाडीत गुरुजी मावणार नाहीत. म्हणून एका माणसाला आणायला दोन गाड्या निघाल्या.

गुरुजी अंगणात पोथी कवटाळून उभेच होते. येताना सरळ रस्ता लागतो हे प्रशांतरावांनी जाताना हेरून ठेवलं होतं.

"दोन्ही गाड्यांत वजन सारखं पाहिजे," विलासराव म्हणाले. "नाहीतर तुलना कसली?"

मी आणि गुरुजी शेजारी उभे राहिलो. तुलनेची गरजच नव्हती. माझ्या एका बाजूत गुरुजी मावले असते. मग मी विलासरावांच्या गाडीत बसलो, गुरुजी प्रशांतरावांच्या, आणि गुरुजींच्याच घरातला गव्हाचा कट्टा, चांगलं भरलेलं पोतं, आणून त्यांच्या मांडीवर ठेवला.

"गहू माहे, घर माहं," गुरुजी कट्ट्याआडून म्हणाले, "अन् मीच काऊन धरून बसू?"

गाव सोडून दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. "तेरवी आहे हो!" मी म्हणालो. "म्हणूनच तर घाई आहे!" विलासराव म्हणाले. हॉर्न वाजला, आणि सकाळचा चहा माझ्या पाठीला जाऊन चिकटला. आधी लाल गाडी पुढे गेली, मग आम्ही तिच्या बरोबरीला आलो. खिडकीतून गुरुजींचे फक्त डोळे दिसत होते. ते मिटलेले होते.

"बघा, बघा, आता निघाली!" विलासराव ओरडले, आणि मी बघितलं. समोर रस्ता पिवळा झाला होता.

सोयाबीन! सासऱ्यांच्या शेजारच्या रामदासभाऊंचं. पाऊस येण्याआधी वाळावं म्हणून त्यांनी अख्ख्या रस्त्यावर पसरून ठेवलं होतं.

"ब्रेक दाबा!"

"दाबलाय!"

गाडीला ते पटलं नाही. आम्ही गोट्यांवरून गेल्यासारखे गरगरलो आणि तोंड मोताळ्याकडे करून थांबलो. लाल गाडी कडेच्या ढिगात नाक खुपसून बसली. कोणाला खरचटलंही नाही. विलासरावांनी काच खाली केली. मला वाटलं, गुरुजींची विचारपूस करतील.

"पुढे कोण होतं?" त्यांनी विचारलं.

तोवर रामदासभाऊ सोयाबीन पसरायचं दाताळं उगारून आले. "कोनाचं काम हाय बे हे?"

दोन्ही साडूंनी माझ्याकडे बोट केलं. "हे इथलेच आहेत."

"रामदासभाऊ," मी हात जोडले, "तेरवीची घाई होती म्हणून..."

"तेरवीची? थांब, तुहीबी करून टाकतो!"

मी थांबलो नाही. चपला सोयाबीनमध्ये राहिल्या. सासरवाडीपर्यंत रस्ता सरळ होता, आणि मी वळून बघितलं नाही. एवढ्या वेगाने मी लग्नाआधीही कधी पळालो नव्हतो.

मांडवात शिरलो तेव्हा सगळे उठून उभे राहिले. सासूबाईसुद्धा. त्या दिवशी पहिल्यांदा त्या जागेवरून उठल्या आणि स्वतः पाण्याचा तांब्या घेऊन माझ्यापाशी आल्या. मला भरून आलं.

"काय झालं जवाईबुवा? एवढे काऊन धावून राह्यले?"

"दोन्ही गाड्या... रस्त्यावर..."

"गाड्या राहू द्या. गुरुजी कुठी हायेत?"

मी तांब्या खाली ठेवला आणि आल्या रस्त्याने निघालो. थोडं पुढे जातो तोच गुरुजी येताना दिसले. रामदासभाऊंनी एका हाताने त्यांना धरलं होतं. दुसऱ्या हातात दाताळं होतं.

रिव्हर्समध्येही मी काही कमी नाही, हे मला तेव्हा कळलं.