नायट्रोजन आणि अक्कांचा तळहात

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार, सकाळ. हजर: मी, वेफर्स तळणाऱ्या माझ्या थोरल्या जाऊबाई, ज्यांना अख्खी गल्ली अक्का म्हणते, पाकिटं भरणारी नणंद, आणि खाटेवरून देखरेख करणारे सासरे, आबा. आम्हा तिघींना उपास. पण केळीचे वेफर्स उपासाला चालतात, त्यामुळे चव बघायचं काम कुणीच टाळत नव्हतं.

आमचा हा उद्योग फैजपूरला, घराच्या पुढच्या खोलीत चालतो. माल यावलच्या स्टँडवर सुटाच जायचा आणि सादळायच्या आत संपायचा. धुळ्याच्या एका दुकानदाराने मात्र बंद पाकिटं मागितली. महिनाभर कुरकुरीत राहिली तर कायमचा माल घेणार. तसं झालं तर आमची कढई बारा महिने तापणार होती. नाहीतर आपलं यात्रेपुरतं तळायचं.

म्हणून जळगावहून नायट्रोजनचं सिलेंडर आणलं. गॅसवाल्याच्या गोदामात सगळी अबोल मंडळी रांगेने उभी होती: स्टीलच्या वेल्डिंगचा आर्गॉन, वाढदिवसाच्या फुग्यांचा हेलियम. शाळेत शिकलेल्या निष्क्रिय वायूंच्या यादीत नायट्रोजन नाही, पण पाकिटात तोही तसाच गप्प बसतो. हवेतल्या ऑक्सिजनने तळणाला खवट वास येतो. नायट्रोजन त्याला बाहेर काढतो आणि पाकीट उशीसारखं फुगवतो, म्हणजे प्रवासाच्या धक्क्यात वेफर्स मोडत नाहीत.

पहिली खोकी धुळ्याला गेली होती. त्या गुरुवारी दुकानदाराचा फोन आला.

"ताई, हाऊ ते बठ्ठा चुरा शे! गिऱ्हाईकले संगे चमचा देऊ का?"

मी आणखी एक संधी मागून घेतली आणि सगळाच चुरा कशाने होतो ते बघायला पाकिटं सील करायच्या मशीनशेजारी स्टूल टाकून बसले. नणंदेने वेफर्स भरले. नळीतून वायू आला, पाकीट टम्म फुगलं. तेवढ्यात अक्कांनी ते हातात घेतलं, मायेने तळहाताने दाबून चपटं केलं आणि मग सीलला लावलं.

"अक्का! हे काय करताय?"

"हवा काढू ऱ्हायली. पापडाच्या पिशवीतून काढतो, तशी. हवा ठिवली त सादळतीन ना वं!"

"ती हवा नाही, नायट्रोजन आहे. तोच तर विकत आणलाय."

"मंग लोकं म्हनतीन, निम्मं पाकीट फुगवून इकता!"

पापड, कुरडया, शेवया, सगळं असंच दाबून ठेवण्यात त्यांचा जन्म गेलेला. तोंडी सांगून तो हात थांबणार नव्हता. मी खिडक्या-दारं उघडली, कारण कोंडलेल्या खोलीत हा वायू माणसाचाही श्वास अडवतो. स्टीलच्या डब्यात नळी सोडली आणि मग पेटती काडी आत धरली. काडी विझली. अक्कांनी स्वतः दुसरी पेटवून धरली. तीही विझली. तिसरी पेटवायला निघाल्या, तेव्हा आबा म्हणाले, "मोठ्या सूनबाई, संध्याकाळच्या दिव्याले काड्या ठिवा!"

"आबा, ह्याच्यात त जाळच जगत नही," अक्का म्हणाल्या, "मंग वास कसा येईन?" आणि दोन्ही हात पदरात गुंडाळून लांब बसल्या.

दुसरी खोकी मी स्वतः एसटीने घेऊन गेले. दुकानदाराने एक पाकीट कानाशी हलवून पाहिलं आणि ते गल्ल्यामागच्या फळीवर ठेवलं. त्याची अट: महिन्याने आमच्यासमोर फोडायचं, एक वेफर त्याने खायचा, एक अक्कांनी, आणि मग ठरवायचं.

अक्का रोज विचारतात, "फोडाचं का वं?" अजून नाही, महिना भरायचाय. धुळ्याला जायचं बाकी आहे.